"आमचं पोरगं निरुद्योगी नव्हे": येळ्ळूर रस्त्यावरच्या एका घराची मोजणी

बेळगावातून वडगावमार्गे येळ्ळूरकडे निघालं की दोन्ही अंगांना भाताचं शिवार लागतं. भात निघाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर पेरतात. समोर राजहंसगड दिसत राहतो. या पट्ट्यातला बासमती नावाजलेला. अलीकडे त्याच शिवारात प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात, पण तो वेगळा विषय. या रस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या एका घराची ही मोजणी आहे. घरातल्यांची ओळख पटू नये म्हणून दोन घरांचे तपशील मी एकात मिसळले आहेत. बाकी काही वाढवलेलं नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. एप्रिल २०२४ मध्ये वर्गातल्या मुलांना बेरोजगारीचा धडा शिकवताना पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून घ्यायचा कंटाळा आला. म्हटलं, सरकार ज्या पद्धतीने विचारतं त्याच पद्धतीने आपण एका घरात विचारून बघू. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची १०.४ क्रमांकाची अनुसूची असते. तिच्यातले प्रश्न आणि कामाचे संकेतांक मराठीत उतरवून घेतले आणि एका विद्यार्थिनीला पुढे घालून मी मागे उभा राहिलो.

घरात पंधरा वर्षांवरची सात माणसं होती. ओसरीवर बसलेले आजोबा, आतबाहेर करणाऱ्या आजी, पन्नाशीचे वडील, आई, थोरली सून, धाकटा मुलगा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. सुनेचं लहान बाळ मोजणीत येत नाही. थोरला मुलगा गोव्यात एका कारखान्यात आहे. दोन महिन्यांतून एकदा चोर्ला घाटातून येतो आणि दोन रात्री राहून परत जातो. आजींनी त्याचं नाव सगळ्यांच्या आधी सांगितलं. पण सहा महिन्यांहून जास्त काळ जो बाहेर राहतो आणि ज्याची चूल वेगळी आहे, तो या घराचा सदस्य धरला जात नाही. घरात नियमित पगार आणणारा एकुलता एक माणूस पहिल्याच रकान्यात गळाला. त्याची नोंद झालीच तर गोव्यातल्या त्याच्या खोलीवर होणार.

विद्यार्थिनीने आईंना विचारलं, "काम काय करता?"

"मी काय करतो ओ, घरातच असतो की."

तिने लिहिलं ९२, म्हणजे फक्त घरकाम. सुनेलाही तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच आकडा. वडील उद्यमबागच्या एका फाउंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली मोल्डर आहेत. त्यांच्यापुढे ५१ पडला, रोजंदारी. मुलगी ९१, विद्यार्थी. आजोबांना संध्या सुरक्षा पेन्शन मिळते म्हणून ९४. आजी ९२. धाकट्याने मान खाली घालून सांगितलं, "भरतीचा अभ्यास करूलोय." त्याच्यापुढे ८१, काम नाही पण कामाला तयार. वीस मिनिटांत सगळं उरकलं. काम करणारा एक, काम शोधणारा एक, म्हणजे श्रमबळात दोघे आणि त्यांतला एक बेरोजगार. बेरोजगारीचा दर ५० टक्के.

एका घराचा दर काढणं हा पोरखेळच आहे, हे मला माहीत आहे. दर हजारो घरांच्या नमुन्यातून काढायचा असतो. पण नियम कसे चालतात हे एका घरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं देशाच्या सरासरीत दिसत नाही. चूक कुठे होते तेही इथेच दिसतं. त्या दिवशीची चूक माझीच होती. विद्यार्थिनीला मी संकेतांक शिकवले होते, खोदून विचारायला शिकवलं नव्हतं.

चार दिवसांनी परत गेलो. या वेळी मीच बोललो. "काम" हा शब्दच काढला नाही. म्हशीचं विचारलं. घरामागे दोन म्हशी होत्या. पहाटे धार कोण काढतं? आई. वैरण कोण कापतं? आई. दूध जातं कुठे? डेअरीला. खातं कोणाच्या नावावर? "मालकांच्या." आवणीच्या दिवसांत शेतात किती दिवस? हसत म्हणाल्या, आवणी, भांगलण, कापणी, मळणी, मोजायला कोण बसतंय. महिन्याच्या वर सहज होत असणार. आता याच बाईंचा संकेतांक २१ झाला, म्हणजे घरच्या धंद्यात मजुरी न घेता राबणारी. सुनेकडे शिलाई मशीन निघालं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज आणि साडीला फॉल-बिडिंग. त्या आठवड्यात दोन दिवस मिळून तीन ब्लाऊज झाले होते. घरच्यांसाठी शिवलं तर तो घरकामाचाच भाग, पण शेजारणीकडून पैसे घेतले की स्वयंरोजगार, ११.

दोघीही कामगार ठरल्या. श्रमबळात आता चौघे: वडील, आई, सून, धाकटा. नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब धरून, बेरोजगार एकटा धाकटा. चारांत एक. दर ५० वरून २५ टक्क्यांवर आला. चार दिवसांत या घरात कुणालाही नोकरी लागली नव्हती.

हे सगळं प्रकरण याच एका ठिकाणी आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. बेरोजगारीचा दर म्हणजे गावातल्या रिकाम्या माणसांचं प्रमाण नव्हे. श्रमबळातल्यांपैकी, म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे यांच्या बेरजेपैकी, काम न मिळालेल्यांचं ते प्रमाण. अंश तोच ठेवून छेद वाढला तरी दर उतरतो. आता देशाचे आकडे घ्या. पंधरा वर्षांवरच्यांचा नेहमीच्या स्थितीनुसारचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात ग्रामीण स्त्रियांचा श्रमबळातला सहभाग २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. काम करणाऱ्या स्त्रियांत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ टक्के झाला. या बायका खरोखरच नव्याने शेतात आणि गोठ्यात उतरल्या, की आधीही तिथेच होत्या आणि आता कुणी नीट विचारू लागलं, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. पुरुष गोव्याला किंवा कोल्हापूरला गेला की गोठ्याचा भार बाईवर येतो, हे या रस्त्यावर घरोघरी दिसतं. पण दर निम्म्यावर आला म्हणजे बेकारी निम्मी झाली, असं म्हणणाऱ्याने आधी आमच्या आईंच्या गोठ्यात डोकावून यावं.

धाकट्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. तो २०२३ मध्ये बी.कॉम. झाला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे इथल्या मुलांच्या डोक्यात लष्करभरती शाळेपासूनच असते. त्यालाही व्हायचं होतं, पण अग्निवीरची वयोमर्यादा तेव्हा २१ ची आणि त्याला तेविसावं लागलेलं. आता पोलीस भरती. दहावीपर्यंत मराठी माध्यम झाल्याने कन्नडचा पेपर त्याला जड जातो. महाराष्ट्राकडेही डोळा आहे, कारण सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना तिकडच्या भरतीत अर्ज करता येतो. दोन्हीकडे पाय ठेवून तो वाट बघतोय. पहाटे पाचला पळायला जातो, दहा ते सहा शहरातल्या अभ्यासिकेत बसतो.

दुसऱ्या फेरीत त्याला विचारलं, गेल्या सात दिवसांत पैशासाठी काही केलंस का? आधी नाही म्हणाला. मग बहिणीने आठवण करून दिली. लग्नसराई चालू होती. एका केटरिंगवाल्याबरोबर दोन दिवस वाढपी म्हणून गेला होता, सकाळी नवापासून दुपारी चारपर्यंत. "ते काय काम हाय व्हय?" असं तो म्हणाला, खरं नियमाने ते कामच. चालू साप्ताहिक स्थितीनुसार मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासभर जरी काम केलं असेल, तर तो माणूस त्या आठवड्यात रोजगारात. काम केलेलं आणि काम शोधलेलं असं दोन्ही असलं तर कामाला पहिला मान. म्हणजे वर्षाच्या हिशेबाने बेरोजगार असलेला हा मुलगा आठवड्याच्या हिशेबाने रोजगारात. त्या आठवड्यात या घराचा दर शून्य टक्के.

एका तासाचा नियम ऐकला की वर्गात हशा पिकतो. हसणं बरोबर आहे, पण नियम वेडेपणाचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८२ मध्ये तो ठरवला, तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाशी जुळावा म्हणून. देशात जे काही तयार होतं त्याच्या प्रत्येक तासामागे कुणीतरी काम करणारा असणार, आणि त्याला मोजायचंच. म्हणजे हा नियम उत्पादनाचा माग काढतो. माणसाचं पोट भरलं का, हे त्याला विचारायचंच नसतं. घोटाळा नियमात नाही. त्या आकड्यावरून पोटाचा अंदाज बांधणारे आपण घोटाळा करतो.

तिसरी मोजणी आम्ही जुन्या पद्धतीने केली. चालू दैनिक स्थिती असं तिचं नाव. यात माणसं न मोजता दिवस मोजतात. चार तास किंवा जास्त काम झालं तर पूर्ण दिवस, एक ते चार तास असेल तर अर्धा. वडिलांच्या फाउंड्रीत ऑर्डर कमी होत्या. ठेकेदाराने त्या आठवड्यात दोनच दिवस बोलावलं. उरलेले चार दिवस ते सकाळी फोनची वाट बघत बसले आणि सातवा सुट्टीचा. आईंचे रोज तीन तास, म्हणजे सात अर्धे, एकूण साडेतीन. सुनेचे दोन अर्धे, म्हणजे एक. धाकट्याचे लग्नातले दोन पूर्ण आणि पाच रिकामे. काम झालेले दिवस ८.५, हवं असून न मिळालेले ९, बेरीज १७.५. दर ५१.४ टक्के.

शून्य, २५, ५१.४. घर तेच, आठवडा तोच. या तिन्हींत खोटं काहीच नाही.

हा तिहेरी हिशेब कुठून आला? १९६८ मध्ये केंद्र सरकारने एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. १९७० मध्ये तिचा अहवाल आला. आपल्यासारख्या देशात, जिथे बहुतेक माणसं स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात खपतात, तिथे बेरोजगारी एका आकड्यात बांधता येत नाही, असा तिचा मुद्दा होता. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीपासून वर्षाची, आठवड्याची आणि दिवसाची अशी तिन्ही मापं वापरात आली. २०१७ मध्ये नियतकालिक सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा वर्षाचं आणि आठवड्याचं माप अहवालात राहिलं, दिवसाचं माप मागे पडलं. मला ते गेल्याचं वाईट वाटतं. आमच्या वडिलांसारख्या माणसाचे ते चार दिवस पकडणारं तेवढं एकच जाळं होतं. त्यांच्यासारख्याला बेकार राहणं परवडत नाही. दोन दिवसांचं काम मिळालं तरी ते करावंच लागतं, आणि ते केलं की ते रोजगारात. बाकीचे चार दिवस कुठल्याही मथळ्यात येत नाहीत. उलट धाकटा दोन वर्षं थांबू शकतो, कारण गोव्यातून थोरल्याचे पैसे येतात. देशात पंधरा ते एकोणतीस वयाच्यांचा दर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिप्पट. शिक्षण जितकं जास्त तितका दर जास्त, हे चित्र वर्षानुवर्षं तसंच आहे. अनेक जण त्याचा अर्थ "शिकून काय उपयोग" असा काढतात. मला त्यात आणखी एक दिसतं. ज्याला थांबायची सोय आहे तोच आकड्यात बेरोजगार म्हणून उभा राहतो.

आता आजींकडे येतो.

धाकट्याच्या नावाने युवा निधीचा अर्ज भरलेला होता. कर्नाटक सरकारने ही योजना जानेवारी २०२४ मध्ये सुरू केली. २०२२-२३ मध्ये पदवी घेऊन सहा महिने काम न मिळालेल्यांना महिन्याला ३,००० रुपये, पदविकाधारकांना १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्या अर्जाची छापील प्रत विद्यार्थिनीने पाहिली आणि मोठ्याने वाचली, "निरुद्योगी." कन्नडमध्ये निरुद्योग म्हणजे बेरोजगारी आणि उद्योग म्हणजे नोकरी. सरळ, सरकारी, कुणालाही न दुखावणारा शब्द. पण मराठी कानाला निरुद्योगी म्हणजे काय वाटतं? उनाड. रिकामटेकडा. कट्ट्यावर बसून टवाळी करणारा. ओसरीवरून आजींचा आवाज आला, "आमचं पोरगं निरुद्योगी नव्हे. पहाटे पाचला उठून पळायला जातंय."

मी या एका वाक्यावर पुढे दोन तास शिकवलं. सर्वेक्षणात प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत त्या शब्दाला कोणता रंग आहे, यावर उत्तर ठरतं. सीमाभागात मोजणीदार कन्नड बोलणारा आणि घर मराठी बोलणारं, असं नेहमी घडतं. दोघांनाही एकमेकांची भाषा थोडीफार येते, आणि खरा धोका त्या "थोडीफार"मध्येच आहे. अजिबात येत नसती तर दुभाषा बोलावला असता. "केलसा" म्हटलं की कन्नडमध्ये कामही येतं आणि नोकरीही येते. आमच्या बायका त्यातली नोकरी ऐकतात आणि "नाही" म्हणतात. मराठीतही तेच घडतं. "तू काय करतोस?" याचं उत्तर "काही नाही" असं देणारा माणूस दिवसभर शेतात असतो. काम म्हणजे पगार, हे आमच्या डोक्यात इतकं मुरलंय की गोठा, मशीन, आवणी हे सगळं "घरातच असतो की" यात मावतं.

आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला तिसऱ्यांदा चहा प्यावा लागला. आजींच्या नावावर गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये येतात, घरात बीपीएल कार्ड आहे, धाकट्याचा युवा निधी आहे. वही-पेन घेऊन आलेला माणूस काम विचारतो तेव्हा घरातल्यांच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो कार्ड तर कापणार नाहीत ना, हा. शिलाईचं मशीन पहिल्या दिवशी चादरीखाली होतं, हे मला नंतर सुनेनेच सांगितलं. यात लबाडी म्हणण्यासारखं काही नाही. सरकारच्या एका हाताला दिलेलं उत्तर दुसऱ्या हाताला कळेल, ही भीती कुठल्याही घरात असते. पण तिच्यामुळे प्रत्येक खात्याचा बेरोजगार वेगळा होतो. त्या आठवड्यात धाकटा योजनेच्या कागदावर निरुद्योगी होता, आठवड्याच्या मापात रोजगारात होता, वर्षाच्या मापात बेरोजगार होता, गावाच्या भाषेत "अजून बसूनच" होता आणि आजीच्या मते यांपैकी काहीच नव्हता.

सेवायोजन कार्यालयाच्या नोंदीवर फार बोलत नाही. तिथे नाव घालणं न घालणं ज्याच्या त्याच्या मनावर. नोकरी लागल्यावर कुणी जाऊन नाव काढत नाही.

सीमेचा एक हिशेब मात्र सांगायलाच हवा, कारण राज्याच्या सरासरीत तो हरवतो. श्रमबल सर्वेक्षण माणसाला तो जिथे झोपतो तिथे मोजतं. निपाणीचा मुलगा रोज सकाळी अर्ध्या तासावर कागलच्या औद्योगिक वसाहतीत जातो आणि संध्याकाळी परत येतो. सर्वेक्षणात तो कर्नाटकातला रोजगार. त्याच मुलाचा भविष्यनिर्वाह निधी कारखान्याच्या पत्त्यावर भरला जातो, म्हणून दर महिन्याला प्रसिद्ध होणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीच्या आकड्यांत तो महाराष्ट्राचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "या राज्यात नोकऱ्या वाढल्या, त्या राज्यात घटल्या" असं लिहिणाऱ्यांना हा निपाणीचा मुलगा दिसत नाही. निपाणीतच तंबाखूच्या वखारीत आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची मोजणी आमच्या आईंसारखीच, विचारणाऱ्याच्या चिकाटीवर. खानापूरच्या जंगलपट्ट्यात काजूचा हंगाम, चिकोडी-अथणीकडे उसाचा हंगाम. हंगामात माणूस मिळत नाही आणि हंगाम सरला की काम मिळत नाही. मार्चमधल्या आठवड्याचा आकडा आणि ऑगस्टमधल्या आठवड्याचा आकडा एकाच तालुक्यात दोन निराळ्या देशांचे वाटावेत.

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणात मोठा बदल झाला. नमुना वाढवला, जिल्हा हा मूळ स्तर धरला आणि दर महिन्याला देशाचे आकडे यायला लागले. पहिलं मासिक पत्रक १५ मे २०२५ ला आलं, एप्रिलचा दर ५.१ टक्के. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर निदान पाच जणांनी विचारलं, "सर, ३.२ वरून एकदम ५.१? बेकारी एवढी वाढली?" वाढली की नाही हे त्या दोन आकड्यांवरून कळतच नाही. ३.२ वर्षाच्या मापाचा आहे, ५.१ आठवड्याच्या मापाचा. २०२३-२४ चा आठवड्याच्या मापाचा दर आधीच ४.९ होता. लिटरने मोजलेलं दूध आणि शेराने मोजलेलं दूध एकाच वहीत लिहिल्यासारखं हे झालं. आणि तुलना सारख्या मापांची केली तरी नमुन्याची रचनाच बदलल्यामुळे जपून करावी लागते. सीएमआयई या खाजगी संस्थेचे आकडे घेतले तर आणखी फरक पडतो. ती माणसाला त्या दिवशीचं किंवा आदल्या दिवशीचं काम विचारते, आणि बेरोजगार ठरायला त्याने खटपट करून काम शोधलेलं असावं लागतं. आमचा धाकटा लग्नात वाढल्याला तीन दिवस झाल्यावर तिथे निराळ्याच रकान्यात पडला असता.

लोकांचा या आकड्यांवर विश्वास नाही, याचं कारण सगळंच अज्ञान नाही. २०१७-१८ चा पहिला अहवाल तयार असून अडकून पडला, जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि अहवाल निवडणूक आटोपल्यावर मेच्या अखेरीस बाहेर आला. त्याच्या आधी तो फुटून वर्तमानपत्रात छापूनही आला होता. असं एकदा घडलं की पुढची दहा वर्षं बरोबर आकड्याकडेही लोक वाकड्या नजरेने बघतात. मोजणीदाराचा तरी त्यात काय दोष.

जानेवारी २०२५ मध्ये, भात मळून झाल्यावर, मी त्या घरी पुन्हा गेलो. तीच विद्यार्थिनी बरोबर होती, आता एम.ए.ला. मसूर हिरवीगार दिसत होती. धाकटा घरी नव्हता. दिवाळीनंतर तो वडिलांच्याच ठेकेदाराकडे फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागला होता. पळणं बंद, अभ्यासिकेचं पास बंद. युवा निधीचं स्वयंघोषणापत्र त्याने भरायचं सोडलं होतं. सून आता गावातल्या दोघींना शिलाई शिकवत होती आणि मशीन उघड्यावर ओसरीत आलं होतं. आई गोठ्यातच होत्या, या वेळी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "लिवा की ओ, म्हशीचं लिवा."

वडील ओसरीवर आजोबांच्या शेजारी बसले होते. ठेकेदाराने तरुण हात घेतले आणि यांना बोलावणं कमी करत करत थांबवलं होतं. दोन महिने झाले. विद्यार्थिनी आता पटाईत झाली होती. तिने काम विचारलं नाही, शोधलं का तेही सावकाश विचारलं. नाही, ते कुठे गेले नव्हते. कुणाला विचारलं नव्हतं. मग तिने शेवटचा प्रश्न टाकला. सगळा निकाल त्याच्यावर होता. हाक आली तर जाणार असतील तर ८२, काम शोधलं नाही पण तयार, म्हणजे बेरोजगार. जाणार नसतील तर श्रमबळाच्या बाहेर, आणि घराचा दर शून्य.

"काका, कुणी उद्या बोलावलं तर जाल?"

ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

"बोलवणारा कोण हाय?"

तिने पेन टेकवलं, उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आणखी एकदा विचार.